गळाच्या आमिषाचा रंग आणि पाण्याची पारख

मुरबाड व शहापूर हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके भाताचे तालुके म्हणून ओळखले जातात. पावसाळ्यात येथे सर्वसाधारणपणे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु दिवाळीच्या सुमारास भात खळ्यावर आले की ज्यांच्या शेताला पाण्याची सोय नाही अशा कुटुंबांचा शेतीचा हंगाम तेथेच संपतो. त्यानंतर काही कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात, काही रोजंदारीस जातात. जी गावातच राहतात त्यांच्यापैकी पुष्कळांच्या, विशेषतः कातकरी, ठाकूर व महादेव कोळी कुटुंबांच्या, भाकरीबरोबरचे कालवण काळू, शाई, भातसा व बारवी या नद्यांच्या डोहांतून आणि गावोगावच्या बंधाऱ्यांतून येते. म्हणून गळाला मासा लागणे वा न लागणे ही येथे केवळ हौसेची बाब नव्हे.

अलीकडे या भागातील तरुण मंडळी गांडूळ व कणकेचा गोळा यांच्या जोडीला बाजारातील रंगीबेरंगी कृत्रिम आमिषे वापरू लागली आहेत. प्लॅस्टिकचे बेडूक, रबरी मासोळ्या, पत्र्याच्या चकचकीत चकत्या असे त्यांचे नाना प्रकार आहेत. एका आमिषाला शंभर-दोनशे रुपये सहज पडतात. दगडात वा झुडपाच्या मुळीत अडकून ते तुटले की तेवढी रक्कम पाण्यात जाते. साहजिकच शिवारफेरीच्या वेळी हा प्रश्न पुष्कळदा कानी येतो, की मासा कोणत्या रंगाला लागतो? कोणी लाल सांगतो, कोणी पांढरा, कोणी पोपटी. प्रत्येकाचा अनुभव खराच असतो. मात्र तो ज्या पाण्यात आला त्या पाण्यापुरता असतो. आमिषाचा रंग ठरविण्यापूर्वी पाण्याचा रंग पाहावा, हे या लेखाचे सार होय.

पाण्यात रंगाचे काय होते?

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसत असला तरी त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग मिसळलेले असतात. लाल वस्तू आपणास लाल दिसते, कारण ती प्रकाशातील तांबडा भाग परत पाठविते व बाकीचा शोषून घेते. तांबडा प्रकाश तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर परत पाठविण्याजोगे तिच्यापाशी काही उरत नाही, आणि ती काळपट दिसू लागते. पाण्याखाली नेमके हेच घडते.

पाणी सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात शोषीत नाही. अगदी शुद्ध पाण्यातही तांबड्या प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा दर मीटरला नाहीसा होतो. म्हणजे पाच मीटर अंतर कापीपर्यंत त्याचा बहुतेक भाग संपलेला असतो. निळा प्रकाश मात्र तेवढ्याच अंतरात जेमतेम विसावा हिस्सा कमी होतो. खोल समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना जखमेतून येणारे रक्त लाल न दिसता हिरवट-काळसर दिसते, त्याचे कारण हेच. नारिंगी रंग तांबड्याच्या मागोमाग फिका पडतो, पिवळा त्याहून उशिरा. निळा व हिरवा सर्वांत खोलवर टिकतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रकाशाला केवळ वरून आमिषापर्यंत यावयाचे नसते, तर आमिषापासून माशाच्या डोळ्यापर्यंतही जावयाचे असते. आमिष दोन मीटर खोल असेल आणि मासा त्यापासून तीन मीटर दूर असेल, तर प्रकाशाचा पाण्यातील प्रवास पाच मीटरांचा होतो. म्हणून उथळ पाण्यात सोडलेले लाल आमिषही दूरच्या माशाला लाल दिसेलच असे नाही. तो जवळ आला म्हणजे त्याला रंग दिसू लागतो.

स्वच्छ व खोल पाणी निळे का दिसते, या प्रश्नाचा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली विलायतेहून परतताना बोटीवर विचार केला. समुद्राची निळाई हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, असे त्यांनी दाखविले. आणि त्यासंबंधीचे पत्र त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई बंदरातून ‘नेचर’ या नियतकालिकास धाडले. याच वाटेने पुढे झालेल्या संशोधनाचे फळ म्हणून त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या नद्यांचे पाणी वर्षभर एकसारखे नसते

आतापर्यंतचे वर्णन स्वच्छ पाण्याचे झाले. आपल्याकडील नदी-नाल्यांचे पाणी ऋतुमानाप्रमाणे बदलते, आणि त्याबरोबर प्रकाशाचा हा हिशेबही बदलतो.

पावसाळ्यात डोंगरउतारावरील वरकस जमिनीची माती पाण्याबरोबर वाहून येते. हे तांबूस गढूळ पाणी निळा व जांभळा प्रकाश प्रथम अडविते. जो थोडाफार प्रकाश आत शिरतो तो पिवळसर-तांबूस असतो. स्वच्छ पाण्याच्या नेमके उलट असे हे चित्र आहे. येथे निळे आमिष लवकर काळवंडते, तर नारिंगी व पिवळे त्यामानाने उजळ राहते. परंतु पूर ऐन भरात असताना दृष्टी एक वीतभरही पोहोचत नाही. अशा वेळी कोणताही रंग कामाचा नसतो. मासा वासावर व पाण्यातील हालचालीवर अवलंबून राहतो, आणि गांडुळासारखे नैसर्गिक आमिषच उपयोगी पडते.

दिवाळीनंतर गाळ खाली बसतो आणि डोहांचे पाणी निवळते. हिवाळ्यातील निवळ पाण्यात दृष्टी दूरवर पोहोचते. मासा आमिष नीट निरखून पाहतो आणि भडक रंगाला किंवा जाड दोरीला बुजतो.

उन्हाळ्यात पाणी आटते, तापते, आणि जनावरांच्या शेणामुताने सकस झालेल्या बंधाऱ्यांत व तळ्यांत सूक्ष्म शेवाळ वाढून पाणी हिरवे होते. हे शेवाळ निळा व तांबडा असे दोन्ही प्रकाश आपल्या वाढीसाठी वापरते आणि हिरवा सोडून देते. अशा पाण्यात पिवळट-पोपटी रंग उजळ राहतात. झाडीच्या सावलीतील, पालापाचोळा कुजलेल्या चहासारख्या पाण्याचा प्रकार मात्र गढूळ पाण्याच्या जवळचा समजावा. तेथेही निळा प्रकाश प्रथम संपतो.

माशाला रंग दिसतो काय?

मासे रंगांध असतात, असे एके काळी युरोपातील काही नामवंत शास्त्रज्ञ मानीत. जर्मनीतील नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस हे त्यांपैकी एक. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धापूर्वी साध्या प्रयोगाने ही समजूत खोटी ठरविली. रोहू-कटल्याशी दूरचे नाते असलेल्या लहान माशांना त्याने एका ठरावीक रंगापाशी खाद्य देऊन सवय लावली. नंतर त्या रंगाशेजारी फिकट ते गडद अशा निरनिराळ्या राखी छटा ठेविल्या. मासे बरोबर रंगाकडेच गेले. ते केवळ उजेड-अंधार पाहत असते, तर एखाद्या राखी छटेशी त्यांचा घोटाळा झाला असता. याच फ्रिश यांना पुढे मधमाश्यांवरील कामासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

माशाच्या डोळ्यात आपल्याप्रमाणेच दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी दिवसाउजेडी रंग ओळखतात. दांडीसारख्या पेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला की पहिल्या पेशींचे काम थांबून दुसऱ्यांचे सुरू होते. म्हणून दिवेलागणीनंतर आमिषाचा रंग कोणता, याला फारसे महत्त्व उरत नाही. ते पार्श्वभूमीवर गडद उमटते की फिके, याला महत्त्व येते. खालून वर पाहणाऱ्या माशाला संधिप्रकाशातील आकाशासमोर काळ्या आमिषाची आकृती सर्वांत ठळक दिसते.

सर्वच मासे डोळ्यांवर विसंबून शिकार करीत नाहीत, हेही विसरता कामा नये. मरळ हा डोळ्याने शिकार करणारा मासा आहे. पृष्ठभागावर उडी घेणारा बेडूक वा पोहणारी मासोळी पाहून तो झडप घालतो. त्याच्यासाठी आमिषाचा रंग, आकार व हालचाल या तिन्ही गोष्टी मोलाच्या. शिंगटी, मागूर यांसारख्या मिशाळ माशांचा प्रकार निराळा. त्यांच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. ते तळाशी व बहुधा रात्री हिंडतात. त्यांना रंगाने भुलविण्यात अर्थ नाही. वासाचे आमिष हवे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगल तळाशी चरतो. हे मासे सहसा कणकेच्या वा पेंडीच्या गोळ्यालाच लागतात. यास्तव रंगीत आमिषावर पैसा खर्च करण्यापूर्वी आपल्या डोहात मुख्यतः कोणता मासा आहे, हे प्रथम पाहावे.

थाळीची आणि चिंध्यांची कसोटी

पाण्याची पारख करण्यास महागडे उपकरण लागत नाही. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ फादर अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजण्याची रीत रूढ केली. तीच रीत जगभर आजही चालते. तिच्यासाठी सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची थाळी किंवा डब्याचे झाकण घेऊन पांढऱ्या रंगाने रंगवावे. मध्यभागी भोक पाडून दोरी ओवावी, खाली दगड बांधावा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारावी. भर दुपारी, सावली नसेल अशा ठिकाणी थाळी हळूहळू सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. पुन्हा वर ओढताना दिसू लागते ती खोलीही मोजावी. आणि दोहोंची सरासरी घ्यावी.

ही थाळी शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्यांसही उपयोगी आहे. रोहू-कटल्याच्या तळ्यात हे माप साधारणतः तीस ते चाळीस सेंटिमीटर असणे चांगले. वीसच्या खाली गेल्यास शेवाळ किंवा गाळ प्रमाणाबाहेर झाला असे समजावे व खत देणे थांबवावे. साठच्या वर गेल्यास पाण्यात माशांचे नैसर्गिक खाद्य कमी आहे असे समजावे.

थाळीने पाणी किती स्वच्छ आहे ते कळते. ते कोणत्या रंगाचा प्रकाश आत सोडते, हे चिंध्यांनी कळते. लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, पांढऱ्या व काळ्या कापडाच्या सारख्या मापाच्या चिंध्या एका काठीला ओळीने बांधाव्यात आणि वजन लावून काठी आडवी पाण्यात सोडावी. कोणता रंग प्रथम मळकट होतो आणि कोणता शेवटपर्यंत ओळखू येतो, ते पाहावे. शेवटपर्यंत ओळखू येणारा रंग हा त्या पाण्यात, त्या दिवशी उजळ राहणारा रंग होय. माणसाचा व माशाचा डोळा तंतोतंत सारखा नसला तरी पाण्याने शोषलेला प्रकाश दोघांनाही मिळत नाही. म्हणून ही कसोटी व्यवहारात उपयोगी पडते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक पावसाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा, एकाच डोहावर करून दाखवावे. दोन वेळचा फरक पाहिला की वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

कोणत्या पाण्यात कोणता रंग?

वरील विवेचनावरून पुढील ठोकताळे बांधता येतात:

१. पुराचे अति गढूळ पाणी: रंगाचा विचार सोडावा. गांडूळ वा इतर वासाचे आमिष वापरावे.

२. ओसरलेल्या पुराचे गढूळ पाणी: नारिंगी, पिवळे किंवा काळे आमिष. आकार थोडा मोठा ठेवावा व आमिष हलते ठेवावे.

३. हिरवे, शेवाळी पाणी: पिवळे, पोपटी किंवा पांढरे आमिष.

४. निवळ व उथळ पाणी: तेथील बेडूक, मासोळी यांच्याशी मिळतेजुळते फिके, नैसर्गिक रंग. दोरी बारीक असावी.

५. निवळ व खोल पाणी: पांढरे, रुपेरी किंवा निळे-हिरवे आमिष. लाल आमिष येथे काळपट दिसते. ते अगदीच निरुपयोगी ठरते असे नाही, पण त्याच्या लालीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

६. पहाट व दिवेलागण: पृष्ठभागाजवळ काळे किंवा गडद आमिष.

बाजारात जे झगझगीत, ‘फ्लुरोसंट’ म्हणून ओळखले जाणारे रंग मिळतात त्यांचा गुण निराळा आहे. ते निळा-हिरवा प्रकाश शोषून त्याचे रूपांतर नारिंगी-पिवळ्या प्रकाशात करतात. त्यामुळे साधा नारिंगी रंग जेथे विझतो तेथेही ते काही अंतर उजळ राहतात. परंतु निवळ पाण्यात अशा भडक रंगाने मासा बुजण्याचाही संभव असतो.

आमिष घरी करणेही अवघड नाही. कोंबड्याची पांढरी व काळी पिसे, रंगीत दोरा, पत्र्याच्या डब्याची कापून घासलेली चकती एवढ्या सामग्रीवर वरील बहुतेक गरजा भागतात. जाणत्या मासेमाराने अशी चार-पाच आमिषे जवळ बाळगावीत व पाणी पाहून बदलावीत.

काठावरील माणसाचा रंगही माशाला दिसतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाण्यातून वर पाहताना माशाला बाहेरचे सर्व जग एका गोल खिडकीतून दिसते. मासा एक मीटर खोलीवर असेल तर पृष्ठभागावर या खिडकीचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर असतो. काठावरची उभी व्यक्ती या खिडकीच्या कडेला दिसते. खाली बसलेली व्यक्ती जवळजवळ दिसत नाही. म्हणून निवळ पाण्यावर पांढरा सदरा घालून उभे राहण्यापेक्षा मातकट कपड्यांत बसून गळ टाकणे हिताचे.

अनुभवाची नोंद ठेवा

भाताच्या दोन वाणांची तुलना करताना आपण दोन्ही वाण एकाच दिवशी, एकाच खाचरात, सारखे खत देऊन लावतो. तीच शिस्त येथे पाळावी. दोन गळ घ्यावेत. आमिषाचा आकार, खोली व वेळ सारखी ठेवून फक्त रंग निराळा ठेवावा. दर अर्ध्या तासाने दोन्ही गळांच्या जागा बदलाव्यात. तारीख, थाळीचे माप, पाण्याचा रंग, आमिषाचा रंग व लागलेले मासे यांची वहीत नोंद करावी.

घाईने निष्कर्ष काढू नये. दहा माशांपैकी सहा लाल आमिषाला व चार पांढऱ्याला लागले, म्हणून लाल श्रेष्ठ ठरत नाही. नाणे दहा वेळा उडविले तरी दर चार खेपांपैकी तीन खेपांत छापा व काटा बरोबर पाच-पाच पडत नाहीत. हाच कल हंगामभर टिकला, तरच तो खरा मानावा. गावातील चार-पाच मासेमारांनी मिळून एक वही ठेवली, तर दोन वर्षांत त्या डोहाचे ज्ञान गावाच्या हाती येईल, आणि ते कोणत्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा अधिक भरवशाचे असेल.

काही मर्यादा पाळल्या पाहिजेत

मासा अधिक सहज पकडण्याची विद्या हाती आली की तो राखण्याची जबाबदारीही येते. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. वलगणीचे किंवा चढणीचे मासे म्हणून ते आवडीने पकडले जातात. पण त्या दिवसांतील एक मादी म्हणजे पुढील सालची हजारो पिले होत. निदान पहिल्या चढणीचे काही मासे तरी डोहापर्यंत जाऊ द्यावेत.

मरळीच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. तिची नुकती जन्मलेली पिले तांबूस-नारिंगी रंगाची असून पृष्ठभागावर थव्याने हिंडतात, आणि आईबाप खालून त्यांची राखण करतात. हा तांबूस थवा काठावरूनही ओळखू येतो. त्यावर आमिष टाकले की पिलांच्या रक्षणासाठी मरळ हमखास झडप घालते. अशी मरळ पकडणे सोपे असते; परंतु ती गेली की सर्व थवा इतर माशांच्या तोंडी जातो. असा थवा दिसताच गळ गुंडाळून दुसऱ्या जागी जावे.

तानसा जलाशयाचा परिसर अभयारण्यात मोडतो, आणि तानसा, भातसा, मोडकसागर या जलाशयांतून मुंबईस पिण्याचे पाणी जाते. तेथे परवानगीवाचून मासेमारी करू नये. इतर जलाशयांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. त्यांच्याकडे व मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात चौकशी करूनच गळ टाकावा.

शेवटी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या हातची आहे. डोहातील पाणी किती दिवस गढूळ राहावयाचे, हे पुष्कळ अंशी वरच्या शेतांवर ठरते. उतारावरील वरकस जमिनीस बांध घातले, समपातळीत नांगरट केली आणि बांधावर गवत राखले, तर शेताची माती शेतात राहते व नदी लवकर निवळते. ज्या मातीने नागली-वरईचे पीक यावयाचे, तीच माती डोहात उतरून माशांची अंडी गाडते. बांध घालणाऱ्या शेतकऱ्याचे पीक सुधारेल, आणि खालच्या वाडीतील मासेमाराचा डोहही भरलेला राहील.